पोत्यातील साखर

धान्याच्या घाऊक व्यापारात ज्यांची हयात गेली, त्यांना ‘आपण काय विकता?’ असे कोणी विचारले तर ते ज्वारी, तांदूळ, गहू, बाजरी, नाचणी, गूळ, साबुदाणा अशी नावे सांगतील आणि प्रत्येक नावाखाली पुन्हा वाणांची व प्रतींची दहा नावे सांगतील. आम्हीही बेळगावच्या रविवार पेठेत चाळीस वर्षे बसून हेच सांगत आलो. परंतु रसायनशास्त्राच्या जाणकाराने आमच्या गोदामात पाऊल ठेवले तर तो म्हणेल की, या सर्व थप्प्यांत मुख्यत्वे एकच द्रव्य भरलेले आहे, आणि ते द्रव्य म्हणजे साखर होय. तृणधान्याच्या पोत्यातील मालाचे शंभर भाग केले तर त्यांतील साठ ते ऐंशी भाग साखरेच्या कणांचे बनलेले असतात; फक्त हे कण सुटे नसून एकमेकांस साखळीप्रमाणे जोडलेले असतात, म्हणून ते जिभेला गोड लागत नाहीत. या द्रव्यांस शास्त्रीय भाषेत कर्बोदके म्हणतात.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तथापि आमची नात महाविद्यालयात जैवरसायनशास्त्र शिकते, आणि तिच्या पुस्तकांतील आकृत्या पाहता पाहता आमच्या ध्यानात आले की, जो माल आम्ही हाताने पारखतो, दाताने फोडून पाहतो, त्याच्याच अंतरंगाचे हे नकाशे आहेत. स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा बाजारभावांखेरीज काही लिहावे असा आग्रह धरला, तेव्हा हाच विषय घेतला. यात केवळ कुतूहलाचा भाग नाही. आपल्या समाजात असे घर आज विरळाच, जेथे मधुमेहाची गोळी नाही. आणि त्याच घरातून ‘कोणते धान्य चालेल?’ हा प्रश्न आपल्या पेढीवर येतो. उत्तर देणाऱ्याने आपल्या मालाची जात ओळखलेली बरी.

कर्बोदक या शब्दात कर्ब आणि उदक असे दोन शब्द आहेत. यांतील बहुतेक पदार्थांत कर्बाखेरीज उद्जन व प्राणवायू हे दोन घटक पाण्यात ज्या प्रमाणात असतात त्याच प्रमाणात, म्हणजे दोनास एक असे, आढळले म्हणून हे नाव पडले. कर्बाला पाणी चिकटलेले आहे असा याचा अर्थ मात्र नव्हे. नाव जुने आणि थोडेसे फसवे आहे, पण रूढ झाले. यातील मूळ नाणे म्हणजे ग्लुकोज, अर्थात द्राक्षशर्करा. त्याच्या एका रेणूत कर्बाचे ६, उद्जनाचे १२ आणि प्राणवायूचे ६ अणू असतात. वनस्पती सूर्यप्रकाशाच्या बळावर हवेतील कर्बवायू आणि मुळांनी ओढलेले पाणी यांपासून ही साखर घडविते आणि उरलेली साखळी करून बियांत, खोडांत, कंदांत साठविते. शेतकऱ्याच्या शिवारात पिकले असे आपण म्हणतो, पण दाण्याच्या वजनाचा फार मोठा भाग मातीतून नव्हे, तर हवेतून आलेला असतो.

पिष्ट आणि साखर यांचे हे नाते कळले ते व्यापाराच्याच एका अडचणीतून, असे म्हणावयास हरकत नाही. नेपोलियनच्या काळात युरोपात उसाच्या साखरेची आवक तुटली होती. बीटच्या कंदात तीच साखर असते हे बर्लिनच्या मारग्राफने १७४७ सालीच दाखविले होते आणि तिचा पहिला कारखानाही प्रशियात १८०१ साली निघाला होता, पण ती पुरेशी नव्हती. अशा वेळी १८११ साली सेंट पीटर्सबर्ग येथे किर्खहोफ नावाच्या औषधशास्त्रज्ञाने पिष्ट सौम्य गंधकाम्लात उकळले, आणि पातेल्यात गोड पाक तयार झाला. डिंकाऐवजी वापरता येईल असा चिकट पदार्थ त्याला हवा होता. हाती आली साखर. पिष्टाची साखळी आम्लाने तोडली की तिच्यातून ग्लुकोज सुटते, हे त्यामागचे मर्म. आज मक्याच्या पिष्टापासून जे ग्लुकोज व गोड पाक निघतात, त्या धंद्याची पाळेमुळे तेथपर्यंत जातात.

परंतु ग्लुकोजच्या रेणूत हे चोवीस अणू कसे मांडलेले आहेत, हे कोडे पुढे ऐंशी वर्षे सुटले नाही. ते सोडविणारा एमिल फिशर हा एका यशस्वी जर्मन व्यापाऱ्याचा पुत्र. पित्याने त्याला आग्रहाने घरच्या धंद्यात बसविले, आणि थोड्याच काळात, हा मुलगा पेढीच्या कामाचा नव्हे, असा निर्णय देऊन शिकावयास पाठविले. पेढीवर न रमणारी मुले आपल्याही घरांत असतात. त्यांच्या वडिलांनी ही हकीकत ऐकून ठेवण्यासारखी आहे. या फिशरने १८९१ साली ग्लुकोजच्या अणूंची मांडणी तर्काने निश्चित केली. हातात आजची यंत्रे नव्हती. एका साखरेचे दुसरीत रूपांतर करावयाचे, प्रकाशाचा किरण तिच्या द्रावणातून कोणत्या बाजूस वळतो ते पाहावयाचे आणि सोळा शक्य मांडण्यांतून एकेक बाद करीत जावयाचे, एवढेच साधन होते. १९०२ साली त्याला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

फिशरने जे दाखविले त्याचे महत्त्व आम्हांस असे वाटते की, या विषयात किती अणू आहेत यापेक्षा ते कसे बसले आहेत यालाच किंमत आहे. ग्लुकोज, फळांतील फ्रुक्टोज आणि दुधातील गॅलॅक्टोज या तिन्ही साखरांत तेच ६, १२ आणि ६ अणू आहेत. वजन तेच, मांडणी निराळी; म्हणून गोडी निराळी आणि देहातील वाटही निराळी. ग्लुकोज व फ्रुक्टोज यांची जोडी जमली, त्यांतून पाण्याचा एक रेणू गळला, की आपली नेहमीची साखर होते. ग्लुकोज व गॅलॅक्टोज यांची जोडी म्हणजे दुग्धशर्करा. ती तोडणारा पाचक रस पुष्कळ प्रौढांत कमी होतो, म्हणून त्यांना दूध सोसत नाही आणि दही-ताक सोसते.

गुळाच्या व्यापाऱ्यांनी या जोडीकडे विशेष लक्ष द्यावे. आमच्या सीमाभागातील गूळ आणि कोल्हापूरचा गूळ यांची कीर्ती सर्वत्र आहे. पण पावसाळ्यात ढेपेला पाणी सुटते, ती मऊ पडते आणि भाव उतरतो, ही तक्रारही तितकीच जुनी. कारण असे की, ऊस तोडून दोन दिवस पडला, किंवा रस आंबूस झाला, अथवा भट्टीवर चुन्याचे प्रमाण चुकले, तर साखरेची जोडी फुटते आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज सुटे होतात. यांतील फ्रुक्टोजला हवेतील ओलाव्याचे फार आकर्षण. सुटी साखर जितकी अधिक तितकी ढेप घाम गाळणार. म्हणून ताज्या उसाचा गूळ टिकतो आणि शिळ्या उसाचा टिकत नाही. गुऱ्हाळात रस निवळावा म्हणून भेंडीचा बुळबुळीत रस घालतात, तोही कर्बोदकांचाच बुळबुळीतपणा. साखरेतील मळी साखरेच्याच नातलगाने धरून काढावी, असा हा प्रकार आहे.

आता साखळ्यांकडे वळू, कारण आपला खरा माल तोच. शेकडो-हजारो ग्लुकोजचे कण जोडले की पिष्ट बनते. त्यात दोन प्रकारच्या साखळ्या मिसळलेल्या असतात. एक सरळ, मळसूत्रासारखी वळत गेलेली. तिला अमायलोज म्हणतात. दुसरी झाडासारखी फांद्या फुटलेली, ती अमायलोपेक्टिन. बहुतेक धान्यांत सरळ साखळीचा वाटा पाचवा ते चौथा हिस्सा असतो, बाकी फांद्यांची. तांदळाच्या बाजारातील निम्मी भाषा या दोहोंच्या प्रमाणावर उभी आहे. सरळ साखळी अधिक असलेला तांदूळ मोकळा शिजतो आणि निवला की कडक होतो. ती कमी असलेला भात मऊ, चिकट, एकमेकांस धरून राहणारा होतो. खानापूर-चंदगडकडचा इंद्रायणी हा त्या बाजूचा. पूर्वेकडील काही देशांत जो गोळा होणारा चिकट तांदूळ आवडीने खातात, त्यात सरळ साखळी जवळजवळ नसतेच. परीक्षा सोपी आहे: शिजलेल्या साध्या भातावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला तर तो निळाकाळा होतो, कारण आयोडीन त्या मळसूत्राच्या पोकळीत जाऊन बसते, त्या चिकट तांदळावर मात्र तांबूस तपकिरी छटा येते. दुधात किंवा खव्यात पीठ मिसळले आहे काय, हेही याच थेंबाने कळते.

जुना तांदूळ मोकळा का होतो, या प्रश्नाचे उत्तर केवळ पिष्टात नाही. साठवणीत दाण्यातील प्रथिने व पेशींच्या भिंती आवळल्या जातात, म्हणून जुना दाणा पाणी अधिक घेऊनही फुटत नाही. आपल्या वाडवडिलांनी ‘वर्षाचा तांदूळ’ याला जो भाव दिला त्यामागे इतके सारे आहे.

पावसात सापडलेला गहू हा मात्र पिष्टाचाच विषय. दाण्यातील साठा हा मुळात आपल्यासाठी नसून अंकुरासाठी केलेली तरतूद आहे. ओल लागताच अंकुर जागा होतो आणि अमायलेज नावाचे विकर सोडून पिष्टाच्या साखळ्या तोडू लागतो. कोंब बाहेर दिसण्यापूर्वीच हे काम सुरू झालेले असते. म्हणून असा गहू वरून चांगला दिसला तरी त्याची कणीक चिकटते आणि पोळी गोडसर, लगद्यासारखी होते. जी गोष्ट गव्हाच्या व्यापाऱ्याला नुकसानीची, तीच बाळाच्या आईला उपकारक. नाचणीला मोड आणून जे सत्त्व करतात, त्यात याच विकराने पिष्ट अर्धे पचवून ठेवलेले असते आणि लापशी पातळ, हलकी होते.

साबुदाण्याविषयी एक शब्द. मूळचा साबुदाणा सागो नावाच्या ताडजातीच्या झाडाच्या गाभ्यातून निघे आणि मलायाकडून येई. दुसऱ्या महायुद्धात ती आवक थांबल्यावर तामिळनाडूतील सेलम भागात टॅपिओकाच्या कंदापासून तो करण्याचा उद्योग वाढला, आणि आज आपण विकतो तो हाच. तेव्हा ज्यांनी कंदमूळ वर्ज्य केले आहे त्यांनी साबुदाणा कोणत्या सदरात घालावा, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. आम्ही विचारणाऱ्यास उगम सांगतो. आहाराच्या दृष्टीने तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, प्रथिन नावापुरतेही नाही.

आता एक चमत्कार सांगतो. ग्लुकोजचे तेच कण, पण एकमेकांस जोडताना सांधा किंचित निराळ्या बाजूने बसविला, तर पिष्टाऐवजी सेल्युलोज तयार होते. फ्रान्सच्या पायेन या शास्त्रज्ञाने १८३८ साली हा पदार्थ ओळखला. पिष्टाची साखळी वळते, सेल्युलोजची ताठ राहते. अशा ताठ साखळ्या शेजारी शेजारी लागून घट्ट दोर वळावा तशा होतात. एक सांधा फिरला, आणि ज्वारीचा दाणा माणसाचे अन्न झाला, तर तिचाच कडबा गुरांचे. आपल्या पोटात सेल्युलोजचा सांधा तोडणारे विकर नाही; गाईच्याही नाही, परंतु तिच्या पोटात जे असंख्य सूक्ष्म जीव राहतात त्यांच्याजवळ आहे. कापूस हा जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. इचलकरंजीच्या मागांवर सूत चढविण्यापूर्वी त्याला खळ देतात, तेव्हा ग्लुकोजच्या एका साखळीवर ग्लुकोजच्याच दुसऱ्या साखळीचा लेप चढत असतो. आपण नेसतो ते आणि जेवतो ते, मूळ धातू एकच.

धान्याला लागणारा सोंडकिडा हा आपला जुना वैरी. पण त्याच्या अंगावरचे कठीण कवचही कर्बोदकाचेच आहे. त्याला कायटिन म्हणतात; सेल्युलोजच्याच धर्तीची साखळी, फक्त प्रत्येक कणाला नत्रयुक्त एक शेपूट जोडलेले. आमचे पिष्ट खाऊन तो आपले चिलखत घडवितो.

डाळींचा व्यापार करणाऱ्यांना एक सांगावेसे वाटते. डाळींत तीन-चार साखरांच्या आखूड साखळ्या असतात, त्या तोडणारे विकर माणसाला नाही. त्या न पचता मोठ्या आतड्यात जातात, तेथील जंतू त्यांवर ताव मारतात आणि वायू होतो. भिजविणे, पाणी टाकणे व मोड आणणे यांनी त्या कमी होतात. घरातील बायका हे शास्त्र पूर्वीपासून पाळतात.

हे झाले पोत्याचे. देहात गेल्यावर काय होते? भाकरीचा घास सावकाश चावला तर गोड लागू लागतो, कारण लाळेतील अमायलेज साखळी तोडू लागते; पुढचे काम लहान आतड्यात होते आणि ग्लुकोज रक्तात शिरते. येथे एक आकडा आहे, जो वाचून आम्ही थक्क झालो. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुकोज असते. रक्त पाच लिटर धरले, तर सबंध देहाच्या अभिसरणात साखर किती? पाच ग्रॅमही नाही. चहाचा एक चमचा! आणि शंभर ग्रॅम तांदळाचा भात खाल्ला तर त्यातून अठ्ठ्याहत्तर ग्रॅम, म्हणजे त्याच्या पंधरा पटींहून अधिक, साखर काही तासांत आत येणार. ज्या पेढीच्या गल्ल्यात नेहमी पाच रुपये राहिले पाहिजेत, तेथे एका बैठकीत अठ्ठ्याहत्तर रुपये येतात, आणि तरीही गल्ला जवळपास तेवढाच ठेवावयाचा. अशी ही कारकुनी आहे.

ती करते स्वादुपिंडातील इन्सुलिन. त्याचा हुकूम निघाला की स्नायू व यकृत साखर उचलतात आणि तिची ग्लायकोजेन नावाची दाट फांद्यांची साखळी करून ठेवतात. यकृतातील हे गोदाम फ्रान्सच्या क्लोद बर्नारने उजेडात आणले. १८४८ साली त्याने यकृत स्वतः साखर पुरविते हे दाखविले आणि १८५७ साली ग्लायकोजेन वेगळे काढले. या गोदामाची मर्यादा मात्र लहान. यकृतात सुमारे शंभर ग्रॅम, स्नायूंत मिळून सुमारे चारशे. आणि स्नायूंचा साठा त्यांच्यापुरताच, तो रक्तात परत येत नाही. त्याउपर जे आले ते चरबीच्या रूपाने साठते, आणि त्या गोदामाला भिंतीच नाहीत.

उपवासाचे शास्त्रही येथेच आहे. एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. यकृताचा साठा साधारण एका दिवसात संपतो. मग यकृत प्रथिने व चरबीचे काही अंश यांपासून नवी साखर घडविते आणि चरबीपासून कीटोन नावाचे दुसरे इंधन करते. काही दिवसांनी मेंदू आपली बरीचशी गरज त्यावर भागवितो. पर्युषणात व दशलक्षण पर्वात आपल्याकडे जे आठ-दहा दिवसांचे उपवास होतात, त्यांत देह याच मार्गाने चालतो. परंतु जे इन्सुलिन घेतात किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेतात, त्यांच्या बाबतीत औषधाचा हुकूम चालू आणि आवक बंद अशी अवस्था होऊन साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. अशांनी वैद्याला विचारल्यावाचून संकल्प सोडू नये. आणि दीर्घ उपवासाचे पारणे मुगाच्या पाण्याने, थोडथोडे करण्याची जी रीत आहे ती फार शहाणपणाची. एकदम गोडधोड घातले तर इन्सुलिन उसळते, रक्तातील क्षार पेशींत ओढले जातात आणि हृदयावर संकट येऊ शकते.

ग्लुकोज जाळून उष्णता, कर्बवायू व पाणी निघते ही क्रिया केवळ आपल्याच देहात चालते असे नाही. पोत्यातील दाणाही जिवंत आहे आणि श्वास घेतो. बारा-तेरा टक्के ओलीवर तो जवळजवळ निजलेला असतो. चौदाच्या वर गेला की जागा होतो. एक किलो पिष्ट पूर्ण जळाले तर सुमारे साडेपाचशे ग्रॅम पाणी उत्पन्न होते. ते पाणी शेजारच्या दाण्याला ओलावते, तो अधिक जोराने श्वास घेतो, बुरशी त्यात भर घालते, आणि थप्पीच्या पोटात हात घातला तर चटका बसतो. मुनीम हिशेबात ‘घट’ लिहितो तिचा एक भाग उंदराने नेलेला असतो, पण एक भाग असा हवेत गेलेला असतो.

कर्बोदके म्हणजे केवळ सरपण, ही समजूत मात्र अपुरी आहे. आनुवंशिकतेचा जो धागा डीएनए, त्याचा कणा पाच कर्बांच्या साखरेचा. गादीवर बसून ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्या सांध्यातील वंगण हे कर्बोदकच, आणि रक्त गोठू नये म्हणून रुग्णालयात देतात ते हेपॅरिनही. पेशींच्या पृष्ठभागावर तर साखरांच्या आखूड साखळ्या ओळखीच्या खुणांप्रमाणे उभ्या असतात. लान्डस्टायनरने १९०१ च्या सुमारास जे रक्तगट शोधले ते याच खुणा होत. तांबड्या पेशीवरील एका मूळ साखळीच्या टोकाला एक विशिष्ट साखर जोडली की ‘ए’, दुसरी जोडली की ‘बी’, दोन्ही आढळल्या की ‘एबी’, काहीच जोडले नाही की ‘ओ’. पण काही थोड्या माणसांत ती मूळ साखळीच अपुरी असते; फ्यूकोज नावाची साखर तिला जोडलेली नसते. हा प्रकार मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली प्रथम प्रसिद्ध केला, म्हणून जगभर त्याला ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणतात. साध्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ भासते, परंतु अशा माणसाला ‘ओ’ रक्त दिले तर त्याच्या जिवावर बेतते. त्याला त्याच गटाचे रक्त लागते. एका साखरेच्या कणाचा हा फरक.

या खुणा देह हेतुपूर्वक लावतो. परंतु रक्तात साखर वाढली की ती आमंत्रणावाचून कोठेही चिकटू लागते. तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिनला चिकटते, रक्तवाहिन्यांच्या, मूत्रपिंडाच्या, डोळ्याच्या पडद्याच्या प्रथिनांना चिकटते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून तिच्यावर चिकटलेली साखर मोजली तर मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब कळतो. एचबीए१सी ही तपासणी ती हीच. उपाशीपोटी साखर म्हणजे आजची रोजमेळ, आणि ही म्हणजे तिमाही ताळेबंद; तो साडेसहा टक्के किंवा अधिक आला तर मधुमेह समजतात. तपासणीच्या आधी दोन दिवस पथ्य करून वैद्याला फसविता येते अशी ज्यांची समजूत आहे, त्यांना ही वही दुरुस्त करता येणार नाही.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख, आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले सुमारे १३ कोटी ६० लाख, असा अंदाज निघाला. राज्यांत सर्वांत वरचा आकडा आमच्या शेजारच्या गोव्याचा; तेथे प्रौढांपैकी सव्वीस टक्क्यांहून अधिक. याच पाहणीच्या आधारे २०२५ साली आहाराविषयी जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतीय माणसाच्या अन्नातील सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात असे दिसले. म्हणजे आपल्याच पोत्यांतून.

यावर बाजाराने जे उत्तर शोधले आहे ते आम्हांस पसंत नाही. २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जगभर पाळले गेले, ज्वारी-बाजरी-नाचणीला पुन्हा मान मिळाला, याचा आम्हांस आनंद आहे. आमच्या भागाचे ते मूळ अन्न. पण त्याबरोबर ‘भाकरी खा, साखर वाढत नाही’ अशी भाषा दुकानांत सुरू झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे कोष्टक पाहा. शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात कर्बोदके सुमारे ७८ ग्रॅम. ज्वारीत ६८, नाचणीत ६७, गव्हाच्या पिठात ६४-६५. फरक आहे, पण साखर गायब झाली असा नाही. खरा फरक न पचणाऱ्या तंतूंचा: तांदळात ते तीन ग्रॅमही नाहीत, ज्वारी-नाचणी-गव्हात दहा-अकरा. तंतू साखरेचा वेग मंदावतात. मात्र २०२५ च्या त्याच अभ्यासात असेही आढळले की, पॉलिशचा तांदूळ वा मैदा सोडून गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ घेतले, पण एकंदर मात्रा तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका उतरलेला दिसत नाही. उतरतो केव्हा? कर्बोदकांतील थोडा हिस्सा, उष्मांकांच्या पाच टक्क्यांइतका, काढून त्या जागी डाळी-कडधान्यांतील किंवा दुधादह्यातील प्रथिन ठेवले तर. चार भाकऱ्या खाणाऱ्याने भाताऐवजी पाच भाकऱ्या खाल्ल्या, तर त्यात ज्वारीचा दोष नाही.

वेग मोजण्याचे एक माप १९८१ साली टोरांटोच्या डॉ. जेन्किन्स यांनी काढले. शुद्ध ग्लुकोजला १०० धरून इतर अन्न रक्तातील साखर किती चढविते ते मोजतात. ५५ पर्यंत मंद, ७० च्या वर शीघ्र. हरभरा तिशीच्या आसपास, साधी साखर ६५ च्या आसपास. साखर ६५ वरच का, तर तिचा अर्धा भाग फ्रुक्टोज. तो रक्तातील ग्लुकोज फारसा न वाढविता यकृताकडे जातो आणि जास्त झाला तर तेथे चरबी होतो. तेव्हा या मापात कमी आकडा आला म्हणजे माल निर्दोष झाला असे नाही. गुळाचेही तसेच. त्यात थोडे लोह व क्षार आहेत हे खरे, परंतु शंभरातील पंच्याऐंशी ते पंच्याण्णव भाग साखरच आहे. मधुमेह्याने साखर सोडून गूळ धरणे म्हणजे एका खात्यातील कर्ज दुसऱ्या खात्यात फिरविणे होय. तांदळाच्या वाणांतही मंद-शीघ्र फरक असतो. सरळ साखळी अधिक असलेले वाण सामान्यतः मंद. तेलंगणा सोना या वाणाचा आकडा ५१ च्या सुमारास नोंदला गेला आहे. पण ते माप वाणाचे, ताटाचे नव्हे. तोच तांदूळ दुप्पट खाल्ला तर हिशेब फिरतो, आणि फार शिजविला तरी फिरतो.

गतवर्षी एक विक्रेता ‘शुगर फ्री’ असे ठळक छापलेल्या तांदळाच्या पिशव्या घेऊन आमच्याकडे आला. अडत चांगली देऊ करीत होता. आम्ही विचारले, वाण कोणता, मोजला कोणी, दाखला कोठे? दाखला नव्हता. नमुन्यावर आयोडीनचा थेंब टाकला तर तो इतर तांदळाप्रमाणेच निळाकाळा झाला, आणि व्हावयाचाच. तांदूळ आहे तेथे पिष्ट आहे, आणि पिष्ट म्हणजे ग्लुकोज. पिशव्या परत गेल्या. पुढे त्या पेठेतील इतर दुकानांत दिसल्या, आणि खपल्याही.

आमच्याकडे मधुमेहाच्या घरचे गिऱ्हाईक आले तर आम्ही धान्याचे नाव बदलण्याआधी महिन्याचे माप विचारतो. चार माणसांच्या घरात तांदूळ, गहू, ज्वारी मिळून चाळीस किलो जात असेल आणि डाळ-कडधान्य तीन किलो, तर त्यांना पस्तीस आणि सात करावयास सांगतो. हरभरा व तुरीच्या डाळीत शंभरात वीसहून अधिक भाग प्रथिन आहे. धान्याची पाच किलोंची विक्री यात जाते हे खरे. डाळीची चार किलो येते.